गॅमा-किरण स्फोट आणि उपग्रहांनी टिपलेला त्यांचा उच्च-ऊर्जा प्रकाश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणी, हिंगोली, नांदेडकडच्या शाळांमध्ये आणि अमावस्येच्या आकाशदर्शनात गेली काही वर्षं मी या विषयावर बोलतो आहे. कार्यक्रम संपल्यावर चपला घालता घालता, मग फोनवर, पुन्हा पुन्हा तेच प्रश्न येतात. ते विचारणाऱ्यांच्याच शब्दांत इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. गॅमा-किरण स्फोट म्हणजे काय हो नेमकं? सूर्यावर होतात तसलेच का?

नाही, सूर्याशी यांचा संबंध नाही. हे स्फोट आपल्या आकाशगंगेच्या पलीकडे, बहुतेक वेळा अब्जावधी प्रकाशवर्षं दूर होतात. आकाशातल्या एका बिंदूतून अचानक गॅमा किरणांचा लोट येतो, सेकंदाच्या काही भागापासून काही मिनिटांपर्यंत टिकतो आणि ओसरतो. तेवढ्या वेळात तो एक बिंदू गॅमा किरणांत बाकीच्या सगळ्या आकाशाला मागे टाकू शकतो.

कारणं मुख्यतः दोन. एक, फार मोठ्या ताऱ्याचा गाभा कोसळून त्याचं कृष्णविवर होतं. दुसरं, एकमेकांभोवती फिरणारे दोन न्यूट्रॉन तारे, म्हणजे मेलेल्या मोठ्या ताऱ्यांचे उरलेले अतिशय दाट गाभे, आदळून एक होतात. दोन्ही प्रकारांत द्रव्याचा अरुंद झोत प्रकाशाच्या जवळपास वेगाने बाहेर पडतो. मोटारीच्या पाइपाचं तोंड अंगठ्याने दाबलं की पाणी एकाच दिशेला लांब जातं, तसं. झोताचं तोंड ज्याच्याकडे असेल त्यालाच स्फोट दिसतो, म्हणजे होणाऱ्या स्फोटांतले बहुतेक आपल्याला कळतही नाहीत.

२. हे पहिल्यांदा कुणाला सापडलं?

शोधायला कुणी निघालंच नव्हतं. १९६३ च्या अणुचाचणी बंदीच्या करारानंतर कुणी अंतराळात चोरून चाचणी करतं का, हे पाहायला अमेरिकेने 'व्हेला' नावाचे उपग्रह सोडले. २ जुलै १९६७ रोजी त्यांनी गॅमा किरणांचा एक झटका नोंदवला, पण तो अणुबाँबसारखा दिसत नव्हता. लॉस अलामॉसच्या रे क्लेबेसाडेल, इयान स्ट्राँग आणि रॉय ओल्सन यांनी अशा सोळा घटना तपासून १९७३ मध्ये जाहीर केल्या. या घटना पृथ्वीवरून किंवा सूर्यावरून आलेल्या नव्हत्या, एवढं तेव्हा पक्कं झालं. किती दुरून आल्या ते कळायला मात्र १९९७ साल उजाडलं. त्या वर्षी बेप्पोसॅक्स या इटालियन-डच उपग्रहाने स्फोटामागे रेंगाळणारा क्ष-किरणांचा उजेड पकडला, आणि त्या जागी मोठ्या दुर्बिणी वळवून अंतर मोजता आलं.

३. उपग्रहच कशाला पाहिजे? डोंगरावर चांगली दुर्बीण लावली तर नाही का दिसणार?

गॅमा किरण जमिनीपर्यंत पोचतच नाहीत. आपल्या डोक्यावरची हवा त्यांच्यासाठी दहा मीटर खोल पाण्याइतकी जाड आहे, आणि ते आपल्यासाठी बरंच आहे. म्हणून उपकरण हवेच्या वर न्यावं लागतं. उपग्रहांच्या आधी हे काम मोठे फुगे करत. आजही टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबादच्या केंद्रातून वैज्ञानिक फुगे सोडले जातात आणि त्यांची उपकरणं पॅराशूटने दूरवर शेतात उतरतात. आपल्याकडे कुठे असं काही सापडलं तर उघडू नका, त्यावर लिहिलेल्या पत्त्यावर कळवा. आत कुणाची तरी काही वर्षांची मेहनत असते.

याला अपवाद एकच. किरणाची ऊर्जा फारच प्रचंड असेल तर हवेत त्याच्यापासून कणांचा सडा पडतो आणि त्या सड्याची निळसर चमक जमिनीवरून टिपता येते. लडाखमधल्या हानले इथली २१ मीटर व्यासाची 'मेस' दुर्बीण याच कामासाठी आहे. ही चमक क्षणभराचीच असते, आणि अशी दुर्बीण काळोख्या, निरभ्र रात्री आकाशाचा लहानसा तुकडाच पाहते. त्यामुळे कुठे पाहायचं ते तिला उपग्रहानेच सांगावं लागतं.

४. 'उच्च ऊर्जा' म्हणजे किती उच्च? काहीतरी अंदाज येईल असं सांगा.

डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या एका कणाची, म्हणजे फोटॉनची, ऊर्जा दोन-तीन इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. दवाखान्यातल्या एक्स-रेच्या फोटॉनची काही दहा हजार. गॅमा-किरण स्फोटाचा मुख्य लोट लाख ते दहा लाखांच्या घरात असतो. या पानावर 'उच्च ऊर्जा' म्हटलं की साधारण दहा कोटींच्या वरची समजा. शंभर कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट म्हणजे एक जीईव्ही, आणि एक लाख कोटी म्हणजे एक टीईव्ही. २७ एप्रिल २०१३ च्या स्फोटातून ९५ जीईव्हीचा एक फोटॉन आला होता. डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाच्या सुमारे ३,८०० कोटी फोटॉनांची ऊर्जा त्या एका कणात होती.

५. फर्मी उपग्रह हे किरण पकडतो तरी कसे? त्याला काच असते का?

काच उपयोगाची नाही. एवढ्या ऊर्जेचा किरण भिंगाने वळत नाही आणि आरशाने परतत नाही. ११ जून २००८ रोजी सोडलेला फर्मी सुमारे साडेपाचशे किलोमीटर उंचीवरून दीड तासाहून थोड्या जास्त वेळात पृथ्वीला एक फेरी मारतो. त्याच्यावर दोन उपकरणं आहेत.

पहिलं जीबीएम. ते चौदा शोधकांचं असून पृथ्वीआड नसलेल्या सगळ्या आकाशावर पहारा ठेवतं. स्फोट झाला हे प्रथम तेच सांगतं. पण त्याची झेप ४ कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंतच.

दुसरं लॅट, आणि खरी कमाल इथे आहे. त्यात चार गुणिले चार असे सोळा मनोरे उभे केले आहेत. प्रत्येकात टंगस्टनचे पातळ पत्रे आणि त्यांच्यामध्ये सिलिकॉनच्या बारीक पट्ट्या. उच्च ऊर्जेचा फोटॉन टंगस्टनमध्ये शिरला की त्याचा इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचाच, पण धन भाराचा जोडीदार) होतो, म्हणजे प्रकाशाचं पदार्थात रूपांतर. हे दोन कण पट्ट्यांमधून जाताना पावलं उमटवत जातात. त्या पावलांवरून मागे गेलं की फोटॉन आकाशाच्या कोणत्या दिशेने आला ते कळतं. तळाशी सिझियम आयोडाइडचे स्फटिक आहेत. कणांची ऊर्जा तिथे जिरते आणि मोजली जाते.

अडचण अशी की अंतराळात विद्युतभारित कणांचा मारा गॅमा किरणांपेक्षा कितीतरी पट जास्त असतो. म्हणून लॅटला बाहेरून प्लास्टिकच्या ८९ फरशांचं कवच आहे. भारित कण फरशीतून जाताना चमक सोडतो, गॅमा किरण सोडत नाही. चमक दिसली की ती नोंद टाकून द्यायची. आपण खळ्यावर उफणतो तसंच हे, भूस उडवायचं आणि दाणा ठेवायचा. फरक एवढाच की इथे सुपभर भुशात दाणा एखादाच असतो.

६. तुम्ही म्हणाला होता की सगळ्यात जबरदस्त किरण उशिरा येतात. स्फोट झाल्यावर उशीर कसा काय?

या पानावर एकच उत्तर वाचायला वेळ असेल तर हे वाचा. सगळ्या विषयाची गाठ इथे आहे.

पहिली खूण नासाच्या कॉम्प्टन या अंतराळातल्या वेधशाळेला मिळाली. १७ फेब्रुवारी १९९४ चा स्फोट नेहमीसारखा झाला, ओसरला, उपग्रह पृथ्वीच्या आड जाऊन परत आला, आणि स्फोटानंतर तासाभराहून अधिक वेळाने त्याच दिशेने १८ जीईव्हीचा फोटॉन आला. फर्मी आल्यावर ही गोष्ट एकट्यादुकट्या स्फोटाची नाही हे कळलं. १६ सप्टेंबर २००८ च्या स्फोटात कमी ऊर्जेचा लोट सुरू झाल्यावर चार-पाच सेकंदांनी उच्च ऊर्जेचा उजेड उगवला आणि साडेसोळा सेकंदांनी १३ जीईव्हीचा फोटॉन पोचला. प्रश्न ४ मधला ९५ जीईव्हीचा फोटॉन स्फोटानंतर चार मिनिटांनी आला, आणि त्या स्फोटाचा उच्च-ऊर्जा उजेड लॅटला जवळपास वीस तास दिसत होता. म्हणजे उशिरा सुरुवात आणि मग लांबलेला शेवट.

कारण असं सांगतात. पहिला, लुकलुकणारा लोट झोताच्या पोटातून येतो. झोत पुढे जाऊन ताऱ्याभोवतीच्या विरळ वायूत घुसतो. नांगराच्या फाळापुढे ढेकळं साचत जातात तसा वायू त्याच्यापुढे साचतो आणि धक्क्याची लाट तयार होते. तिथे इलेक्ट्रॉन प्रचंड वेगाला पोचतात, चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेतात आणि प्रकाश फेकतात. ही लाट उभी राहायला वेळ लागतो आणि विझायलाही लागतो. लॅटला दिसणारा लांबलेला उजेड सावकाश, गुळगुळीत उतरत जातो, आणि या चित्राशी तो छान जुळतो. दुसराही अडसर आहे. सुरुवातीला झोत इतका दाट असतो की उच्च ऊर्जेचे फोटॉन आतल्याच इतर फोटॉनांवर आदळून संपतात. तो पसरल्याशिवाय त्यांना वाट मिळत नाही.

तरी एक कोडं उरतं. गिरक्या घेणारा इलेक्ट्रॉन किती ऊर्जेचा फोटॉन देऊ शकतो याला मर्यादा आहे, आणि चार मिनिटांनी आलेले ९५ जीईव्ही त्या मर्यादेत बसत नाहीत. १४ जानेवारी २०१९ च्या स्फोटाने वाट दाखवली. स्पेनच्या ला पाल्मा बेटावरच्या मॅजिक दुर्बिणींनी त्यातून १ टीईव्हीपर्यंतचा प्रकाश टिपला, आणि तो वेगळ्या कृतीने तयार झाला होता. तिथे वेगवान इलेक्ट्रॉन साध्या फोटॉनला धडक देऊन त्याची ऊर्जा वाढवतात. माझं मत विचाराल तर लांबलेल्या शेपटीचा हा उलगडा भक्कम आहे. पहिल्या काही सेकंदांतल्या उच्च ऊर्जेबद्दल मी एवढ्या खात्रीने बोलणार नाही, तिथे झोताच्या पोटातलाही वाटा असावा.

७. २०२२ च्या कोजागरीला मोठा स्फोट झाला म्हणतात. आपल्याकडून दिसला असता का?

रविवार, ९ ऑक्टोबर २०२२. संध्याकाळी ६ वाजून ४७ मिनिटांनी फर्मीच्या जीबीएमला पहिली चाहूल लागली आणि साडेतीन-चार मिनिटांनी मुख्य लोट आला. चंद्र पूर्वेला नुकताच वर आला होता आणि गच्चीवर दुधाची तयारी चालू होती. मी हिशेब करून पाहिला. त्या क्षणी स्फोटाची जागा, म्हणजे श्रवण आणि अभिजित यांच्या दरम्यानचा शर तारकासमूह, छत्रपती संभाजीनगरच्या डोक्यावरच्या बिंदूपासून जेमतेम चार अंशांवर होती. आजवर नोंदवलेला सगळ्यात प्रखर स्फोट अक्षरशः मराठवाड्याच्या माथ्यावर आला. हे प्रत्येक कार्यक्रमात सांगतो आणि प्रत्येक वेळी अंगावर काटा येतो.

डोळ्यांना मात्र काही दिसलं नसतं. गॅमा किरण हवेत अडले, आणि मागाहूनचा साधा प्रकाश आपल्या आकाशगंगेच्या धुळीने मंद केला होता. पण वरच्या हवेला तो जाणवला. आयनांबरातलं विद्युतक्षेत्र हलल्याची नोंद उपग्रहाने केली आणि भारतातल्या विजा टिपणाऱ्या यंत्रांवरही त्याचा ठसा उमटला. फर्मीचे शोधक मुख्य लोटात भरून वाहिले, त्यामुळे ते क्षण नंतर कष्टाने दुरुस्त करून वाचावे लागले. लॅटला चार मिनिटांच्या सुमारास ९९ जीईव्हीचा फोटॉन मिळाला. चीनच्या सिचुआन प्रांतातल्या ल्हासो वेधशाळेने ०.२ टीईव्हीच्या वरचे ६४,००० हून अधिक फोटॉन मोजले, आणि काहींची ऊर्जा १३ टीईव्हीपर्यंत होती. तो प्रकाश निघाला तेव्हापासून सुमारे १९० कोटी वर्षं लोटली होती. असा स्फोट सरासरी दहा हजार वर्षांत एकदा पृथ्वीला दिसावा, असा अंदाज आहे.

८. असे स्फोट वर्षाला किती होतात?

जीबीएमला वर्षाला सुमारे २४० सापडतात. लॅटला पहिल्या दहा वर्षांत मिळून १८६ सापडले. लॅट एका वेळी आकाशाचा पाचवा हिस्साच पाहतो आणि उच्च ऊर्जेचे फोटॉन मुळातच थोडे असतात. वळवाचे पहिले टपोरे थेंब अंगणातल्या धुळीत एकेक करून मोजता येतात ना, बऱ्याच स्फोटांत लॅटची मोजणी तशीच असते. पाच-दहा थेंबांवरून ढगाबद्दल बोलायचं.

९. स्फोटाच्या नावातले आकडे काय सांगतात?

तारीख. जीआरबी म्हणजे इंग्रजीतलं 'गॅमा-रे बर्स्ट'. जीआरबी २२१००९ए म्हणजे २०२२ सालच्या १० व्या महिन्याच्या ९ तारखेचा पहिला स्फोट.

१०. जास्त ऊर्जेचा प्रकाश हळू धावतो म्हणून उशिरा पोचतो, असं तर नाही?

फार चांगला प्रश्न, आणि तो मला एका दहावीच्या मुलीने विचारला होता. काही सिद्धांतांनुसार अवकाश अगदी सूक्ष्म पातळीवर खडबडीत असेल तर जास्त ऊर्जेच्या फोटॉनला किंचित जास्त वेळ लागावा. १० मे २००९ च्या स्फोटाने त्याची कसोटी घेतली. प्रकाश ७३० कोटी वर्षं प्रवास करून आला, तरी ३१ जीईव्हीचा फोटॉन स्फोटाच्या सुरुवातीनंतर एका सेकंदाच्या आतच पोचला. सगळा उशीर वाटेत झाला असं धरलं तरी फरक इतका लहान की सरळ प्रमाणात वेग घटवणारे सोपे सिद्धांत मागे पडले. प्रश्न ६ मधला उशीर स्फोटाच्या जागी होतो, रस्त्यात नव्हे.

रस्त्यात दुसरं एक घडतं. फार जास्त ऊर्जेचे फोटॉन अब्जावधी वर्षांच्या वाटेवर ताऱ्यांच्या जुन्या प्रकाशावर आदळून नाहीसे होतात. म्हणून टीईव्हीचे स्फोट त्यातल्या त्यात जवळचेच दिसतात.

११. दोन सेकंदांहून छोटा स्फोट न्यूट्रॉन ताऱ्यांचा आणि मोठा कोसळणाऱ्या ताऱ्याचा, हा नियम पक्का आहे का?

परीक्षेत लिहायला ठीक आहे, पण पक्का नाही. ११ डिसेंबर २०२१ आणि ७ मार्च २०२३ चे स्फोट लांबलचक होते, तरी त्यांच्यामागे न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची खूण सापडली. उलट २६ ऑगस्ट २०२० चा स्फोट छोटा होता, पण तो कोसळणाऱ्या ताऱ्याचा निघाला.

सगळ्यात फसवा अपवाद १५ एप्रिल २०२० चा. दिसायला छोटा स्फोट, पण तो बहुधा शेजारच्या एनजीसी २५३ या दीर्घिकेतल्या प्रखर चुंबकीय न्यूट्रॉन ताऱ्याचा भडका होता. लॅटला तिथूनही काही फोटॉन मिळाले, तेही १९ सेकंद ते पावणेपाच मिनिटं उशिरा. इथे ताऱ्याचा शेवट झाला नव्हता, तारा शाबूत होता.

१२. औंढा नागनाथजवळ लायगो होतंय, त्याचा याच्याशी संबंध आहे का?

आहे, आणि थेट आहे. १७ ऑगस्ट २०१७ रोजी अमेरिकेतल्या लायगोने दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून आलेल्या गुरुत्वीय लहरी टिपल्या आणि १.७ सेकंदांनी जीबीएमला छोटा गॅमा-किरण स्फोट दिसला. जागा सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवरची एनजीसी ४९९३ दीर्घिका. प्रश्न १ मधलं दुसरं कारण त्या दिवशी सिद्ध झालं. लॅट मात्र तेव्हा बंद होतं. दक्षिण अटलांटिकवर भारित कणांचा दाट पट्टा आहे आणि तिथून जाताना ते बंद ठेवावं लागतं. शतकातला क्षण आला आणि नेमका त्या पट्ट्यात आला.

हिंगोली जिल्ह्यातल्या लायगो-इंडियाला एप्रिल २०२३ मध्ये केंद्राची अंतिम मंजुरी मिळाली, खर्च सुमारे २,६०० कोटी रुपये. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा असतील. अमेरिकेपासून इतक्या दूर आणखी एक कान मिळाला की लहर आकाशाच्या कोणत्या भागातून आली ते बरंच नेमकं सांगता येईल, आणि उपग्रहांना व दुर्बिणींना तिकडे लवकर वळता येईल.

१३. आमच्याकडे वळवाच्या पावसात विजा लई पडतात. विजेतूनही गॅमा किरण निघतात हे खरं का?

खरं आहे. ढगातल्या प्रचंड विद्युतक्षेत्रात इलेक्ट्रॉन धावतात आणि हजारांश सेकंदाचा गॅमा झटका वर अंतराळाकडे जातो. कॉम्प्टन वेधशाळेने तो १९९४ मध्ये जाहीर केला, आणि फर्मीचं जीबीएमही असे झटके टिपतं. त्यांचा दूरच्या स्फोटांशी संबंध नाही. वीज कडाडताना जपायचं ते गॅमा किरणांपासून नव्हे, विजेपासून. झाडाखाली थांबू नका, शेतातून पक्क्या घरात या.

१४. एखादा स्फोट जवळ झाला तर आपलं काय होईल?

आपल्याच आकाशगंगेत, काही हजार प्रकाशवर्षांवर आणि झोताचं तोंड नेमकं आपल्याकडे, असं सगळं जुळलं तर वातावरणातला ओझोन मोठ्या प्रमाणात नष्ट होईल आणि सूर्याचे अतिनील किरण आत येतील. सुमारे ४४.५ कोटी वर्षांपूर्वीच्या एका मोठ्या जीवसंहारामागे असा स्फोट असावा, अशी एक कल्पना मांडली गेली आहे. तिला थेट पुरावा नाही. कोजागरीच्या स्फोटाने माणसाला काहीही इजा झाली नाही. मोबाइलवर फिरणाऱ्या 'आज रात्री फोन बंद ठेवा' अशा संदेशांवर विश्वास ठेवू नका.

१५. यात भारताचा उपग्रह आहे का?

आहे, ॲस्ट्रोसॅट. २८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोट्याहून गेला. त्याच्यावरच्या सीझेडटीआय उपकरणाने पाचशेहून जास्त स्फोट टिपले आहेत. कोजागरीचाही त्यात आहे. पुण्याच्या आयुका, मुंबईच्या टाटा संस्था आणि आयआयटीतली मंडळी या कामात आहेत. ते लॅटइतक्या ऊर्जेला पोचत नाही, पण स्फोटाच्या प्रकाशाचं ध्रुवीकरण, म्हणजे प्रकाशलहरी कोणत्या एका दिशेत जास्त हेलकावतात ते, मोजण्यात त्याचं मोठं काम आहे, आणि झोतातलं चुंबकीय क्षेत्र कसं आहे याचा सुगावा त्यातूनच लागतो. ॲस्ट्रोसॅट विषुववृत्ताजवळून फिरतो, म्हणून आपल्या डोक्यावर कधी येत नाही. फर्मी येतो.

१६. माझी मुलगी नांदेडला बी.एस्सी.ला आहे. तिला यात काही करता येईल का, की पुण्या-मुंबईलाच जावं लागेल?

पुढे एम.एस्सी. आणि संशोधनासाठी जावं लागेल तेव्हा जाईल. पण सुरुवात आज घरून होते. फर्मीची सगळी नोंद नासाच्या संकेतस्थळावर फुकट आहे, वाचायची साधनंही फुकट. साधा लॅपटॉप, लिनक्स आणि थोडं पायथन पुरतं.

तिला पहिला धडा म्हणून २७ एप्रिल २०१३ चा स्फोट द्या. केंद्र, म्हणजे स्फोटाचा आकाशातला पत्ता: विषुवांश १७३.१४ अंश, क्रांती उत्तर २७.७० अंश. त्याभोवती दहा अंशांचं वर्तुळ, ऊर्जा दहा कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टच्या वर, वेळ पहिला एक तास. फोटॉनांची यादी उतरेल, एका ओळीत एक फोटॉन. स्फोट भारतीय वेळेनुसार दुपारी १ वाजून १७ मिनिटांनी सुरू झाला. यादी वेळेप्रमाणे लावायची आणि १ वाजून २१ मिनिटांच्या ओळीवर यायचं. तिथे ऊर्जेच्या रकान्यात ९५ जीईव्हीच्या आसपासचा आकडा दिसेल.